वर्षावास आणि वाटण

माझी बायको गेली तेव्हा मी रडलो नाही, आणि तेवढ्या भांडवलावर जुईनगरच्या आमच्या विहारात माझा दबदबा झाला. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला पांढरे कपडे घालून मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मेणबत्त्या लावून झाल्या, त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि वंदना म्हणता म्हणता बौद्धाचार्यांचाच आवाज भरून आला. तिला ते लहान बहिणीसारखं मानायचे. मी त्यांचं अर्धं राहिलेलं उचललं आणि शेवटपर्यंत म्हटलं, एकाही शब्दावर न अडखळता. समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी निळ्या कोटातली तसबीर आणि खाली हार घातलेला तिचा फोटो. कुणाच्या तरी लग्नातला फोटो होता तो, कोणाला तरी हसत काहीतरी सांगत होती. मी त्या फोटोकडे बघत होतो आणि माझ्या मनात एवढंच येत होतं, की हार जरा डावीकडे सरकलाय.

"काय समता आहे सरांची!" चहाच्या वेळी बौद्धाचार्य चारचौघांत म्हणाले. निवृत्त बँक क्लार्क, मनाने लोण्याचा गोळा. "आमी एवढी वर्षं धम्म सांगतोय, पण आपल्याला हे नाय जमणार."

लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण हातात चहा होता आणि वाद घालायला अंगात काही नव्हतं.

समता म्हणजे काय हे मला वाचून ठाऊक होतं. सुख आलं तर कवटाळायचं नाही, दुःख आलं तर ढकलायचं नाही. पण त्यासाठी आधी ते यावं तर लागतं. माझ्याकडे काही आलंच नव्हतं. दाताचा डॉक्टर इंजेक्शन देतो आणि मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं मला सगळीकडे झालं होतं. तळोज्याच्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळेत काम करतो. तिथे मी दुसऱ्याच आठवड्यात रुजू झालो, नमुने तपासले, रिपोर्टवर सह्या केल्या. एकही रिपोर्ट चुकला नाही. माणूस दुःखात चुका करतो म्हणतात. मी तेवढाही हातभार लावला नाही.

वैशाखात मी दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जाऊन आलो. हा क्रम नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्यांनी तो उलटा लावला. आधी मी दगड झालो आणि मग डोळे मिटून बसलो. बसल्यामुळे दगड झालो नाही.

शिबिरात मोबाईल काढून घेतात, बोलायचं नाही, कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. पहिले काही दिवस नुसता श्वास बघायचा, मग डोक्यापासून पायापर्यंत अंगावरून मन फिरवायचं आणि जिथे जी संवेदना असेल ती बघायची. खाज, उष्णता, मुंग्या, काहीही. माझ्या शेजारी बसलेला तरुण हुंदके देऊन रडायचा. त्याच्या पलीकडचे काका जोरजोरात ढेकर द्यायचे आणि त्यात त्यांना फार समाधान मिळत असावं. मी टाळूपासून अंगठ्यापर्यंत जायचो, अंगठ्यापासून टाळूपर्यंत यायचो, पण वाटेत कोणी भेटायचं नाही. शेवटी मी शिबिराच्या आचार्यांना भेटायची वेळ मागितली.

"एखादी जागा आंधळी असते," ते शांतपणे म्हणाले. "घाबरायचं नाही. कुठली जागा?"

"सगळीच," मी म्हणालो.

ते एवढंच म्हणाले, बसत राहा. म्हणून मी घरी आल्यावरही सकाळ-संध्याकाळ बसत राहिलो. लोकांना वाटायचं मला शांती हवी आहे. शांती घेऊन मी काय करणार होतो? ती तर उतू चालली होती. मला माझं दुःख हवं होतं. पंचवीस वर्षं एका बाईबरोबर संसार केल्यावर ते माझ्या हक्काचं होतं, आणि कोणीतरी ते परस्पर उचलून नेलं होतं.

घरात आता आम्ही दोघंच होतो, मी आणि माझी सासू. आम्हाला मूल नाही. सासू महाडच्या पलीकडच्या गावची, लेक एकुलती एक. तिच्या आजारपणात शुश्रूषेला म्हणून आली आणि लेक गेल्यावर राहिली. मी तिला आई म्हणतो. ती रडण्याच्या बाबतीत खुल्या मनाची बाई आहे. कंगव्यात केस सापडला तरी रडायची, बिल्डिंगच्या वॉचमनने विचारपूस केली तरी रडायची, आणि रडून झालं की पदराने नाक पुसून त्याच वॉचमनला पाण्याच्या टाकीवरून झापायची. मी कपाट उघडून बायकोच्या साड्या नीट घड्या घालून पिशव्यांत भरल्या, तेव्हा ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. साड्यांकडे नाही, माझ्याकडे.

फ्रीझरमध्ये मात्र आम्ही दोघांनी हात घातला नव्हता, निदान माझी तशी समजूत होती. त्यात आइस्क्रीमचे जुने डबे होते आणि त्या डब्यांत वाटण होतं. शेवटच्या वेळी अॅडमिट होण्याआधीच्या एका रविवारी बायकोने हा उद्योग काढला. अंगात ताकद नव्हती, म्हणून गॅसजवळ स्टूल घेऊन बसली. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चिमट्यात धरून थेट ज्योतीवर भाजायच्या, कांदे भाजायचे, लसूण घालायची, मिक्सरला लावायचं आणि डबे भरायचे. "मी नसताना तुमचे खायचे वांधे नकोत," म्हणाली. ती हॉस्पिटलबद्दल बोलत होती. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. खोबऱ्याचा धूर बाहेर आला आणि मी मान वर न करता ओरडलो, "करपवलंस परत!"

"मग या इकडं, भाजा तुम्ही," आतून उत्तर आलं.

हे आमचं नेहमीचं होतं. खोबरं काळं झाल्याशिवाय तिचा जीव शांत व्हायचा नाही, आणि मी ओरडल्याशिवाय माझा. लग्न झाल्यापासून ती मला असं बोलवत होती, आणि मी एकदाही उठून गेलो नव्हतो. महाप्याच्या ऑफिसातून दमून आलेली असली तरी हे उत्तर द्यायला तिला कधी दम लागला नाही.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. भिक्खू पावसाळ्यात फिरत नाहीत, एकाच जागी मुक्काम करतात, आणि ते दिवस आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. पहिल्या दिवशीचं वाचन करून आम्ही घरी आलो. सासूने पांढरी साडी बदलली, माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "जावयबापू."

एरवी ती मला नुसतं 'अहो' म्हणते. बापू लागलं की समजायचं, काहीतरी ठरलंय.

"मी गावाला जाते."

"गावाला कोण आहे?"

"कुनी नाय. पन हितं तरी कोन हाय?"

"मी आहे."

"तुमी डोळं मिटून बसता," ती म्हणाली. "माझ्या लेकीसाठी ज्या घरात एक थेंब पानी नाय निघालं, त्या घरातली भाकर माझ्या घशाखाली उतरत नाय."

दगड मी आधीच झालो होतो, डोळे मिटणं नंतरचं, हे खरं होतं, पण ते तिला पटलं नसतं.

"भंते पावसात बाहेर पडत नाय, मी पन पडत नाय," ती पुढे म्हणाली. "आश्विनातली पुनव झाली का निघते. तवर बघते."

"काय बघता?"

"बघते," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.

गावचं घर बंद होतं. वाडीतली जवळजवळ सगळी घरं बंद होती, माणसं मुंबईत किंवा सुरतेला. सासूला साखरेचा त्रास, गुडघे गेलेले, डॉक्टर गाठायचा तर दोन गाड्या बदलायच्या. तिथे ती एकटी किती दिवस काढेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. बायकोने शेवटी शेवटी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती: आईला जाऊ देऊ नका. मी हो म्हटलं होतं. आता ती जाणार होती, गेली तर वाचणार नव्हती, हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं, आणि दिसूनही आत काही हलत नव्हतं. भीती वाटली ती त्याची. म्हणजे भीती तेवढी शिल्लक होती. तीही धुऊन पुसून बघावी लागे, खरी आहे का म्हणून.

मग पावसाळाभर आमचं शीतयुद्ध चाललं. सकाळी मी आसनावर बसलो की स्वयंपाकघरात मिक्सर सुरू व्हायचा. बरोबर त्याच वेळी. मी श्वास बघायचो आणि तो घरघरायचा. बंद झाला म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकावा तर परत सुरू. एकदा माझं आसनच नाहीसं झालं. दोन दिवसांनी ते गॅलरीत कुंड्यांच्या खाली सापडलं, भिजून चिंब. "पाऊस हाय, कुंड्या हालतात," एवढंच स्पष्टीकरण. तिच्या लेखी सगळा दोष ध्यानाचा होता. बसून बसून माझं काळीज सुकटीसारखं वाळलं, असं ती खालच्या मजल्यावरच्या बाईला सांगायची, आणि ती बाई मला लिफ्टमध्ये भेटली की सहानुभूतीने बघायची.

विहारात बरोबर याच्या उलटं. त्यांच्या लेखी सगळं श्रेय ध्यानाचं होतं. बौद्धाचार्यांनी ठरवून टाकलं होतं की सर फार पुढे गेलेत. वसाहतीत कोणाकडे मयत झाली की पुण्यानुमोदनाला मला बोलवायचे. "सर, तुमी दोन शब्द बोला. बाकीचे बोलले की लोक रडतात, तुमी बोलले की शांत होतात." मला नाही म्हणणं जमायचं नाही, कारण नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं. मी जायचो आणि अनित्यावर बोलायचो. अनित्य हा शब्द आमच्याकडे फार सोयीचा झालाय. लिफ्ट बंद पडली तरी अनित्य, भाडेकरू सोडून गेला तरी अनित्य. मीही तो केरसुणीसारखा वापरायला लागलो होतो, दिसला कचरा की झाड.

श्रावणात आमच्याच गल्लीतल्या एका रिक्षावाल्याची बायको गेली. तरुण होती. पुण्यानुमोदनाला तो माणूस भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता, आणि मी उभा राहून मोहरीची गोष्ट सांगितली, जी सगळ्यांना पाठ असते. मेलेलं मूल घेऊन आई बुद्धाकडे येते, आणि ज्या घरात कोणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण, म्हणून बुद्ध तिला पाठवतात. माझा आवाज छान लागला होता. बोलता बोलता मी बघितलं, रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि ताठ बसला. शरमला होता. बौद्धाचार्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बघा, झाला की नाही शांत.

घरी येऊन दाराचं कुलूप उघडताच सासू चप्पलसुद्धा न काढता म्हणाली, "त्याचं रडनं बंद केलंत तुमी."

"दुःखाचं कारण सांगितलं मी त्याला."

"ती बाई दारोदार मोहरी मागत फिरली, ती काय हसत फिरली?" तिने विचारलं. "रडत रडतच फिरली आसल ना? तिला बुद्धानं गप नाय बसवली. तुमी लगीच बसवलात."

ती आत गेली. गोष्टीत तसं कुठे लिहिलेलं नाही, असं मी तिला सांगणार होतो. पण ती रडत फिरली नाही असंही कुठे लिहिलेलं नाही, हे लक्षात आलं आणि सांगायचं राहिलं.

त्याच दिवसांत रविवारच्या पाली वर्गात वेदनेचे, म्हणजे पालीत कुठल्याही जाणिवेचे, प्रकार चालले होते. सुखद वेदना, दुःखद वेदना, आणि तिसरी, ना सुख ना दुःख. मला वाटायचं ही तिसरी म्हणजे अर्धी वाट चालून झाली, मुक्कामाच्या जवळचं गाव. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तसं नाही. सुखाच्या तळाशी हाव दबा धरून असते, दुःखाच्या तळाशी राग, आणि या तिसरीच्या तळाशी अज्ञान. काही वाटत नाही तिथेच आपण सगळ्यात जास्त झोपलेले असतो. वर्गात लोक लिहून घेत होते. मी नुसता बसलो होतो. मला आत्तापर्यंत कोणी एवढं नेमकं पकडलं नव्हतं, आणि पकडलं गेल्याचंही काही वाटत नव्हतं, म्हणजे बाई बरोबरच होत्या.

भाद्रपदात मी एक प्रयोग करून बघितला. त्याबद्दल लिहायला मला लाज वाटायला हवी. सासू विहारातून परत यायच्या वेळी मी बायकोच्या फोटोसमोर जाऊन बसलो. म्हटलं, निदान तिच्यासमोर दोन टिपं गाळू, म्हातारी राहील तरी. डोळे ताणून न मिटता बसलो, मग चोळले, मग पुन्हा ताणले. लाल झाले, पाणीही आलं थोडं. दार उघडलं, ती आली, माझ्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवून घाईने जवळ आली.

"काय गेलं डोळ्यात?" म्हणाली. "चोळू नका. दाखवा, फुंकर मारते."

आणि तिने माझी पापणी दोन बोटांनी उघडून खरंच फुंकर मारली. नंतर कपाटातून डोळ्यांचे थेंब आणून घातले. मी मुकाट्याने घालून घेतले. प्रयोगशाळेतल्या माणसाने असा भिकार प्रयोग करू नये.

या सगळ्यात एका गोष्टीचा मात्र मला अभिमान होता, आणि ती म्हणजे माझं जेवण. शिबिरात शिकवतात की जेवतानाही जागं राहायचं, घास सावकाश चावायचा, चव येते ती बघायची. मी ते कसोशीने पाळत होतो. मासळी सोडली होती, त्यावरून सासूने मला माणसातून उठवलं होतं. पण ती करेल ती आमटी, उसळ, बिरडं मी डोळे अर्धे मिटून शांतपणे खायचो. कारखान्यात डबा खाताना पोरं चेष्टा करायची, "सर जेवतायत का सॅम्पल टेस्ट करतायत?" मी त्यांना समजावायचो की तुम्ही लोक मोबाईल बघत गिळता, तुम्हाला आपण काय खाल्लं तेही सांगता येणार नाही. मी सांगू शकतो. हे मी अगदी अशाच शब्दांत म्हणालो होतो.

आश्विनाची पौर्णिमा आली. आदल्या दिवशी मीच सासूचं एस.टी.चं तिकीट काढलं, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचं, सकाळी पनवेलहून सुटणाऱ्या गाडीचं. खिडकीची जागा मिळाली. तिला सांगितलं तर म्हणाली, बरं. तिची बॅग हॉलमध्ये दाराजवळ उभी होती. वर तिची सुंठ-गुळाची पुरचुंडी, औषधांची पिशवी. राहा, असं मला म्हणायचं होतं, आणि मी ते दोन-तीनदा म्हणालोही. पण दुकानात माणूस 'बसा' म्हणतो तसं ते निघायचं, आणि ती मान हलवून कामाला लागायची.

सकाळी विहारात वर्षावासाचा समारोप झाला. बौद्धाचार्यांनी आग्रह केला म्हणून मी वेदनेवर बोललो. येणारी प्रत्येक संवेदना जागेपणाने कशी ओळखावी, यावर. बायकांच्या रांगेत सासू पांढरी साडी नेसून बसली होती. पूर्ण वेळ तिची नजर माझ्यावर होती आणि एकदा ती हसल्यासारखी वाटली, जसं आपण जाहिरातीला हसतो. खीर वाटली, लोक भेटले, तिला बऱ्याच बायकांनी मिठ्या मारल्या. दुपारी आम्ही घरी आलो.

"बसा, वाढते," ती म्हणाली.

ताटात तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी, कांदा. मी हात धुऊन बसलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी जागेपणाने वगैरे काही जेवत नव्हतो. उद्या रिक्षा किती वाजता बोलवावी, बॅग डिकीत बसेल का, असलं काहीतरी डोक्यात होतं. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला, आणि मान वर न करता स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडलो, "करपवलंस परत!"

आणि पुढचा तुकडा मोडत मी उत्तराची वाट बघितली.

उत्तर यायला लागतो तेवढा वेळ गेला. मग आणखी थोडा गेला. आतून भांड्याचा आवाज नाही, काही नाही. तुकडा माझ्या हातात तसाच राहिला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, कागदांवर सही मी केली होती, अग्नी मी दिला होता, वंदना मी म्हटली होती. पण माझी बायको मेली हे मला त्या घासाला कळलं.

सासू दारात आली. हातात पळी तशीच. "काय म्हनालात?"

"करपलंय," मी म्हणालो. "खोबरं. ती करपवायची तसं."

ती तिथेच उंबऱ्यात खाली बसली. "तिचंच हाय," म्हणाली. "शेवटचा डबा व्हता. तळातला. आज सगळा घातला."

मी हातातल्या तुकड्याकडे बघितलं.

"पावसाळाभर तिच्याच हातचं खाताय तुमी. रोज चमचा चमचा घालीत व्हते. म्हटलं, डोळं नाय रडत तर नाय, जीभ तरी वळखंल. रोज वाढायची आनि बघायची. तुमी आपलं डोळं झाकून चावताय, चावताय." ती पदराला तोंड लावून बोलत होती. "आज संपलं. म्हटलं, आता झालं."

"आणि तो मिक्सर?" मी विचारलं. अशा वेळी माणूस काय विचारेल याला धरबंध नसतो.

"नुसतं पानी फिरवीत व्हते. वाटते आसं वाटावं म्हनून." मग जरा थांबून म्हणाली, "आनि तुमी बसलेले मला बघवायचं नाय."

माझ्या छातीत दुखायला लागलं. शिबिरात शिकवलं होतं तसं त्याच्याकडे तटस्थपणे बघायचं असतं: कुठे आहे, केवढं आहे, जड की हलकं, स्थिर की सरकतं. मी बघितलं नाही. दुखत होतं, दुखू दिलं. ते घशापर्यंत आलं आणि तोंडातल्या घासाबरोबर एकत्र झालं, आणि मी तसाच जेवत राहिलो. मोठ्याने रडलो नाही. नाकातून पाणी गळत होतं आणि ते आमटीत पडू नये म्हणून मी डाव्या हाताने पुसत होतो. सासू उंबऱ्यात बसून बघत होती. ताटातलं सगळं संपवलं. आमटीच्या तळाशी काळे कण होते, तेही बोटाने पुसून खाल्ले.

मग तिने गुडघ्यावर हात टेकला आणि उठली. आइस्क्रीमचा तो रिकामा डबा गरम पाण्याने धुतला, ओट्यावर पालथा घातला. वरच्या फळीवरून खोबऱ्याच्या वाट्या काढल्या, उलटसुलट करून बघितल्या. माझ्याकडे तिची पाठ होती.

"वाटन संपलं," ती म्हणाली. "उद्याला आपल्याला आमटी कशाची करायची?"

उद्या सकाळी तिची एस.टी. होती. गॅस पेटवल्याचा आवाज आला.

"बसलात काय?" ती म्हणाली. "या हिकडं, भाजा तुमी."

ते वाक्य ती मुद्दाम म्हणाली, किंवा लेकीनेच ते मुळात आईकडून उचललं होतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. उठलो, हात धुतले आणि आत गेलो. तिने माझ्या हातात चिमटा दिला आणि स्टूल पुढे सरकवलं. खोबरं माझंही करपलं.